देवगिरीची अंधारी

छत्रपती संभाजीनगरहून बीडच्या दिशेनं निघालं, की आडूळ, पाचोड, वडीगोद्री ही गावं मागं टाकत रस्ता शहागडला येतो. जालना जिल्हा इथे संपतो. पूल ओलांडला की गेवराई तालुका, बीड जिल्हा. मध्ये गोदावरी. वरच्या अंगाला पैठण आणि जायकवाडीचं धरण, अलीकडे उसाचे फड आणि मोसंबीच्या बागा. पलीकडच्या तीरावर राक्षसभुवन. तिथे १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला. शहागडच्या माणसाला ही लढाई माहीत असते. मात्र त्याआधीच्या पाचशे वर्षांविषयी विचारलं, की बोलणं थांबतं.

पुलाजवळच्या हॉटेलात चहा पिताना शेजारी बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्याला मी विचारलं, "बाबा, देवगिरीचा रामदेवराव माहीत आहे का?"

"देवगिरी म्हंजी दौलताबादच ना?" ते म्हणाले. "त्यो तर तुघलकाचा किल्ला."

त्यांची चूक नाही. किल्ल्याचं नाव बदललं आणि नावाबरोबर मालकाची आठवणही बदलली. पण याच काठावर ज्याचं राज्य होतं, ज्याच्या काळात मराठीतले पहिले मोठे ग्रंथ लिहिले गेले, तो सम्राट रामचंद्रदेव यादव होता. लोक त्याला रामदेवराव म्हणत. शिलालेखांत यादव राजांना 'प्रौढप्रतापचक्रवर्ती' हे बिरुद मिळतं. हा चक्रवर्ती गादीवर कसा आला आणि कसा संपला, ही गोष्ट मला गेली काही वर्षं सोडत नाही. गोष्टीच्या सुरुवातीला एका तरुणाचे डोळे काढले जातात आणि शेवटी एका लहान मुलाचे. मधली चाळीस वर्षं रामदेवरावाची.

१२६१ : दोन राजधान्या, दोन पोरकी मुलं

बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमानं यादवांचं स्वतंत्र राज्य उभं केलं. त्याचा नातू सिंघण यानं ते नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत पसरवलं. सिंघणानंतर नातू कृष्ण, म्हणजे कान्हरदेव, गादीवर आला. १२६१च्या सुमारास कृष्ण वारला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता. म्हणून कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव राजा झाला. पुतण्या मोठा झाल्यावर गादी त्याला परत द्यायची की महादेवाच्या मुलाकडे जायची, हा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. दहा वर्षं तो राजवाड्यातच राहिला.

त्याच १२६१ साली इथून हजारो कोस दूर कॉन्स्टँटिनोपलमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला गेला. पूर्व रोमन साम्राज्याची, म्हणजे बायझंटाइनांची, ही जुनी राजधानी सत्तावन्न वर्षं परक्यांच्या ताब्यात होती. मायकेल पॅलिओलोगसच्या सैन्यानं ती जुलैत परत जिंकली. गादीचा खरा वारस होता जॉन लास्करिस. मायकेल त्याचा पालक आणि सहसम्राट होता. त्या वर्षीच्या नाताळात, ज्या दिवशी मुलाला अकरावं वर्ष पूर्ण झालं त्याच दिवशी, मायकेलनं त्याचे डोळे घालवले आणि त्याला किल्ल्यात कोंडलं.

बायझंटाइन दरबारात ही जुनी पद्धत होती. सम्राट शरीरानं अव्यंग हवा, ही तिथली समजूत. मग वारसाला ठार मारण्याचं पाप कशाला घ्यायचं? डोळे काढले, की माणूस जिवंत राहतो आणि दावा मरतो. आपल्याला हे तर्कशास्त्र परकं वाटू नये. थोरला असूनही धृतराष्ट्राला गादी मिळाली नाही ती आंधळेपणामुळेच. हस्तिनापुरात दैवानं जे केलं, ते राजवाड्यांतून माणसं हातानं करू लागली.

नाचणाऱ्यांचा ताफा

१२७१च्या सुमारास महादेव वारला आणि त्याचा मुलगा आमणदेव गादीवर बसला. आता रामचंद्र लहान राहिला नव्हता. बापाची गादी चुलत्याकडे गेली ती आपण अजाण होतो म्हणून. आता ती चुलतभावाकडे का जावी?

पुढे काय घडलं ते यादवांच्या ताम्रपटातून आणि महानुभावांच्या आठवणींतून जुळवता येतं. आमणदेव तरुण होता, नाचगाण्याचा शौकीन होता. देवगिरीसारखा किल्ला बाहेरून घेणं अवघड. म्हणून रामचंद्राची माणसं नर्तकांच्या ताफ्याचा वेष घेऊन आत शिरली. दरवाजे त्यांच्यासाठी उघडले गेले. आमणदेव पकडला गेला आणि महानुभाव परंपरा सांगते त्याप्रमाणे त्याचे डोळे काढले गेले.

आज देवगिरी चढताना हा प्रसंग पाठ सोडत नाही. डोंगराचा कडा चहूबाजूंनी तासून उभा केलेला, खाली खंदक, त्यावरून अरुंद वाट. मग सुरू होते ती 'अंधारी'. कातळातून वर जाणारा हा काळोखा, वळणावळणाचा बोगदा. वटवाघळांचा वास, पायाखाली कमीजास्त उंचीच्या पायऱ्या. माझ्यापुढे चालणारा वाटाड्या थांबून म्हणाला, "दादा, भिंत धरा. पायरी फसवी आहे." आज दिसणाऱ्या तटबंदीचा बराच भाग यादवांनंतरच्या राजवटींनी बांधला. तरी त्या काळोखात हात भिंतीवर ठेवून चालताना मला आमणदेव आठवला. कालपर्यंत ज्याला वाट दाखवायला शंभर मशाली होत्या, तो आता उरलेलं आयुष्य असाच भिंत चाचपत चालणार होता.

पंचवीस वर्षांचा उजेड

असा गादीवर आलेला माणूस वाईट राजा असेल, असं वाटणं साहजिक आहे. इतिहास तसं सांगत नाही. पुढची पंचवीस वर्षं देवगिरीच्या वैभवाची होती. महादेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, रामचंद्राच्या काळातही अधिकारावर राहिला. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्याचा प्रचंड ग्रंथ. दगड चुन्याशिवाय बसवून बांधलेल्या देवळांना आपण आजही त्याच्याच नावानं ओळखतो. व्याकरणकार बोपदेव त्याच्या आश्रयाला होता. पंढरपूरच्या देवळातला 'चौऱ्याऐंशीचा लेख' १२७३ ते १२७७ या वर्षांतल्या देणग्यांची नोंद ठेवतो. त्या दात्यांत रामचंद्रदेव आहे, हेमाडपंडित आहे आणि साधी माणसंही आहेत.

याच राज्यात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी गोदाकाठी फिरत सामान्य स्त्री-पुरुषांशी त्यांच्या बोलीत धर्म बोलला. म्हाइंभटानं गावोगाव जाऊन त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. पैठणजवळच्या आपेगावचं कुलकर्णी घराणं, त्यातला ज्ञानदेव. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला 'ज्ञानेश्वरी' पूर्ण झाली. ग्रंथाच्या अखेरीस ज्ञानदेवांनी राज्य करणाऱ्या रामचंद्राचा उल्लेख न्यायी राजा म्हणून केला आहे. एखाद्या राजाला मराठीत याहून मोठा सन्मान मिळालेला नाही.

त्याच १२९० साली कॉन्स्टँटिनोपलच्या गोष्टीलाही एक वळण मिळालं. मायकेल मरून आठ वर्षं झाली होती. त्याचा मुलगा सम्राट आंद्रोनिकस हा किल्ल्यात कोंडलेल्या आंधळ्या जॉनला भेटायला गेला. जॉन तेव्हा चाळिशीला टेकला होता. बापानं केलेल्या कृत्याबद्दल मुलानं त्याची क्षमा मागितली. आमणदेवाची अशी क्षमा मागितल्याची नोंद आपल्याकडे कुठे आढळत नाही.

धुळीचा लोट

रामदेवरावाचं राज्य श्रीमंत होतं. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन, पैठणचा जुना व्यापार, कोकणातली बंदरं. ही कीर्ती कडा प्रांताचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी याच्या कानावर गेली. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन हा त्याचा चुलता आणि सासराही. १२९६च्या फेब्रुवारीत चुलत्याला न सांगता तो काही हजार घोडेस्वार घेऊन निघाला. चंदेरीवरून अचलपूरला आला. तिथे त्यानं हूल उठवली, की आपलं चुलत्याशी बिनसलंय आणि आपण राजमहेंद्रीला चाकरी शोधायला चाललोय.

अचलपूर यादवांच्या मुलखात होतं. तिथून देवगिरी अडीचशे किलोमीटरांहून दूर. एवढ्या अंतरात राजधानीला सावध करणारी, निदान तिला जाग येईल अशी एकही बातमी वेळेत पोचली नाही. युवराज शंकरदेव मुख्य फौज घेऊन बाहेर गेला होता. अल्लाउद्दीनला पहिला खरा विरोध झाला तो देवगिरीच्या तोंडाशी, लासूरच्या घाटात. कान्हा नावाच्या सरदारानं त्याला अडवलं. त्याच्या बरोबरीनं दोन स्त्रिया लढल्या, असं इसामी लिहितो. इसामी पुढे याच दौलताबादेत राहिला आणि १३५०च्या सुमारास त्यानं आपला पद्यमय इतिहास पूर्ण केला. शत्रुपक्षाच्या या लेखकानं त्या दोघींच्या शौर्याची नोंद केली. आपण मात्र त्यांना विसरलो.

रामदेवराव हाताशी होती तेवढी माणसं घेऊन लढला आणि किल्ल्यात परतला. पुढचे तपशील तीनशे वर्षांनी लिहिणाऱ्या फेरिश्ताचे आहेत. घाईघाईत किल्ल्यावर चढवलेली पोती धान्याची समजली होती, उघडून पाहिली तर त्यांत मीठ निघालं. तह होतोय तोच शंकरदेव फौजेसह परतला. बापाचा निरोप न मानता त्यानं हल्ला चढवला आणि लढाई जवळजवळ जिंकली. तेवढ्यात किल्ल्याच्या वेढ्यावर ठेवलेला नुसरतखान हजार स्वार घेऊन आला. त्याच्या धुळीचा लोट पाहून यादव सैन्याला वाटलं, दिल्लीची मोठी फौज आली. सैन्य फुटलं.

पाहा, या सगळ्या पराभवात डोळ्यांचीच चूक आहे. मीठ धान्य दिसलं, हजार स्वार लाखभर दिसले, दारात आलेला शत्रू दिसलाच नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या माणसानं नाचणाऱ्यांच्या वेषात किल्ला घेतला, त्याच्या दारात आता चाकरी शोधणाऱ्याच्या वेषात शत्रू उभा होता.

यात दैवाचा न्याय शोधू नये, असं मला वाटतं. कारण साधं आहे. ज्या घरात गादी कोणाची हे नियमानं ठरत नाही, ते घर शत्रू आतच शोधत राहतं. सिंघणानंतरच्या यादवांनी बळ खर्च केलं ते दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या शेजाऱ्यांशी, होयसळ आणि काकतीयांशी, आणि आपसांत. सातपुड्याकडे टक लावून बसणारं कोणी राहिलं नाही.

अपार संपत्ती आणि दरवर्षी अचलपूर प्रांताच्या उत्पन्नाइतकी खंडणी, यावर तह झाला. जूनमध्ये अल्लाउद्दीन कड्याला परतला, जुलैत त्यानं भेटीला आलेल्या चुलत्याला गंगेच्या काठी मारवलं आणि तो दिल्लीकडे निघाला. वाटेत मुक्कामागणिक पाच मण सोनं मंजनिकातून, म्हणजे दगडफेकीच्या यंत्रातून, गर्दीवर उधळलं जात होतं, असं इतिहासकार बरनी लिहितो. दिल्लीची गादी अशी देवगिरीच्या सोन्यानं विकत घेतली गेली.

राय-ए-रायान

काही वर्षांनी खंडणी थांबली. इसामीच्या म्हणण्यानुसार हा बंडाचा पवित्रा शंकरदेवाचा होता. रामदेवरावानं उलट दिल्लीला गुप्त निरोप पाठवला, की मुलानं मला बंदिवानासारखं ठेवलंय. १३०७च्या सुमारास अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला आणि म्हाताऱ्या राजाला दिल्लीला घेऊन गेला.

तिथे त्याला अपमानाऐवजी मान मिळाला. सहा महिने पाहुणचार, एक लाख टंके, छत्र, 'राय-ए-रायान' हा किताब आणि गुजरातेतलं नवसारी जहागीर. अल्लाउद्दीन हिशेबी होता. दक्षिणेत उतरायला त्याला पायरी हवी होती.

रामदेवराव ती पायरी झाला. १३०९ मध्ये काफूर काकतीयांच्या वारंगळवर गेला तेव्हा देवगिरीनं त्याला रसद पुरवली. १३११ च्या सुरुवातीला तो होयसळांच्या द्वारसमुद्रावर निघाला तेव्हा तर देवगिरीचे बाजार त्याच्या फौजेसाठी सजवले गेले. अमीर खुसरोनं त्याचं रसभरीत वर्णन केलं आहे. वाट दाखवायला रामदेवरावानं सरहद्दीवरच्या परशुराम दळवीला सांगून ठेवलं होतं. ती फौज देवगिरीहून निघाली आणि याच गोदावरीतून उतरून दक्षिणेला गेली. शहागडच्या पुलावर उभं राहिलं, की मला ती रांग दिसते. घोडे, उंट, बैल, आणि काठावर उभे असलेले आपलेच लोक. आपल्याच राजाच्या परवानगीनं चाललेली ती फौज शेजाऱ्याचं राज्य मोडायला निघाली होती.

त्याला दुबळा म्हणावं का? मी बरेच दिवस म्हणत होतो. आता म्हणत नाही. दिल्लीहून परतल्यानंतर त्याच्या हयातीत देवगिरीवर पुन्हा स्वारी झाली नाही ती त्याच्या मवाळपणामुळे. त्यानं मान वाकवली आणि रयत वाचवली. परंतु त्याची किंमत वारंगळ आणि द्वारसमुद्र यांनी मोजली, हेही तितकंच खरं आहे.

तांब्यावरचा राजा

शहागडहून गोदाकाठानं खाली गेलं, की माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरी लागते. अधिक महिन्यात तिथे पुरुषोत्तमाच्या दर्शनाला दूरदूरची माणसं येतात. अनारशांचं वाण घेऊन लेकी-जावई येतात. या गावाला नाव मिळालं ते रामदेवरावाच्या पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्यावरून. त्यानं ब्राह्मणांना दिलेल्या अग्रहाराचा ताम्रपट इथलाच. तो शके १२३२ चा, म्हणजे १३१० सालचा आहे. वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला.

त्या तांब्यावर रामदेवरावाचं जे रूप आहे ते अजिंक्य चक्रवर्तीचं. वैरागड, भंडारा, त्रिपुरी जिंकलेला, वाराणसी मुक्त करून तिथे विष्णूचं देऊळ बांधलेला. हे लिहिलं गेलं तेव्हा राजा दिल्लीची कैद पाहून परतून दोन-तीन वर्षं झाली होती आणि तो सुलतानाचा मांडलिक होता. कोरणाऱ्याला ते माहीत नसेल असं शक्य नाही. पण दानपत्रात राजा कसा लिहायचा याचे साचे ठरलेले असतात. राज्य गेलं तरी साचा जात नाही.

१३११च्या सुमारास रामदेवराव वारला. त्याला रणात मरण आलं नाही, कैदेतही नाही. डोळे शाबूत असताना, स्वतःच्या गादीवर असताना तो गेला. त्याच्या घराण्यात पुढे कोणाच्याही वाट्याला इतका साधा शेवट आला नाही.

शेवटची सात वर्षं

शंकरदेवानं गादीवर येताच दिल्लीशी संबंध तोडले. १३१३च्या सुमारास काफूरनं त्याला मारलं. १३१६च्या जानेवारीत अल्लाउद्दीन मेला, दिल्लीत गोंधळ माजला आणि रामदेवरावाचा जावई हरपाळदेव यानं देवगिरी पुन्हा स्वतंत्र केली. १३१८ मध्ये अल्लाउद्दीनचा मुलगा सुलतान मुबारकशहा स्वतः चालून आला. हरपाळदेव पकडला गेला. त्याची जिवंतपणी कातडी सोलून ती देवगिरीच्या दरवाजावर लटकवण्यात आली. यादवांचं राज्य तिथे संपलं.

राहिला दिल्लीतला धागा. रामदेवरावाची एक मुलगी अल्लाउद्दीनला दिली होती. इसामी तिचं नाव झत्यपाली असं देतो. तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर. अल्लाउद्दीन मरताच काफूरनं या पाच-सहा वर्षांच्या मुलाला सुलतान केलं आणि त्याच्या दोन थोरल्या भावांचे डोळे काढवले. देवगिरीच्या यादवाचा नातू तीनेक महिने दिल्लीच्या तख्तावर होता, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात मी कधी वाचलं नाही. काफूर मारला गेला. मुबारक आधी मुलाचा पालक झाला, मग सुलतान. मायकेल आणि जॉनची गोष्टच पुन्हा घडली. मुलाचे डोळे काढून त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवलं, असं तवारिखांत आहे. १३१८ मध्ये तिथेच त्याला भावांसह मारण्यात आलं.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच सुलतानाच्या हुकमानं रामदेवरावाचा जावई देवगिरीत आणि नातू ग्वाल्हेरीत संपला. आमणदेवाचे डोळे गेले त्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

मला या गोष्टीतून जे कळलं ते एवढंच. राज्य परकी फौज येण्याआधी कितीतरी वर्षं आतून हरलेलं असतं. वारस कोण, हे जिथे नियमानं ठरत नाही आणि हत्यारानं ठरतं, तिथे प्रत्येक नवा राजा आदल्या राजाची रीत शिकतो. कॉन्स्टँटिनोपल, देवगिरी, दिल्ली, तिन्ही ठिकाणी ती एकच रीत होती, आणि तिची झळ प्रत्येक वेळी पोरक्या मुलांना बसली.

परतताना मी पुन्हा शहागडला थांबलो. तेच बाबा भेटले. मी त्यांना रामदेवरावाच्या नातवाचं सांगितलं. ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लेकराचे डोळे? लेकराचं काय चुकलं हुतं?"

सातशेहून अधिक वर्षांत या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही.

वाचकहो, गोदाकाठच्या कितीतरी गावांत देवळाच्या ओट्याशी, वेशीजवळ, बांधावर जुने दगड पडून आहेत. वीरगळ, गद्धेगाळ, झिजलेले लेख. कुणावर शेंदूर चढलाय, कुणावर कपडे धुतले जातात. आपल्या गावी असा दगड असेल तर तो हलवू नका, फोडू नका, त्यावर सिमेंट फासू नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा. पुरुषोत्तमपुरीचे तांब्याचे पत्रे राहिले म्हणून रामदेवराव आपल्याला थोडातरी दिसतो.